चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा का?

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

‘माझ्याकडे सहावीचा वर्ग आहे, पट 38. सहावी-सातवी मिळून 71. शाळेत कलाशिक्षक नाही. वेळापत्रकात चित्रकलेच्या आठवड्याला दोन तासिका आहेत, 35 मिनिटांच्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत काही पालक म्हणाले की या तासिका गणिताला आणि स्पर्धा परीक्षेच्या सरावाला द्या, चित्रं काढून पोरांचं पोट भरणार आहे का? मुख्याध्यापक म्हणतात, कलेमुळे गणित सुधारतं असं काहीतरी सांगून पालकांची समजूत घाला. मला स्वतःला चित्र येत नाही. मी फळ्यावर काहीतरी काढते आणि मुलं उतरवून घेतात. असा तास वाचवण्यात अर्थ आहे का? आणि वाचवायचा तर त्यात शिकवायचं काय?’

नमस्कार बाई,

तुम्ही सध्या जसा तास घेता तसा वाचवण्यात फारसा अर्थ नाही. तास मात्र वाचवायलाच हवा, आणि त्यासाठी तो बदलावा लागेल.

आधी मुख्याध्यापकांच्या सूचनेबद्दल. ‘चित्रकलेने गणित सुधारतं’ असं पालकांना सांगू नका. ते सिद्ध झालेलं नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या संशोधन गटातल्या एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासून 2000 मध्ये निष्कर्ष मांडले. चित्रकला शिकल्यामुळे इतर विषयांचे गुण वाढतात, याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. वर्गातल्या नाट्यीकरणाने भाषा सुधारते, याला मात्र चांगला आधार मिळाला. कलाशिक्षणाचे कैवारी तेव्हा त्यांच्यावर बरेच रागावले होते. पण दोघींचं म्हणणं सरळ होतं: कलेचा तास गणिताच्या नावावर मागाल, तर गणिताचे गुण वाढले नाहीत त्या दिवशी तो जाईल. तुमच्या समितीतला एखादा हुशार पालक हेच विचारेल, ‘गणितासाठीच करताय ना, मग सरळ गणितच घ्या की!’ यावर तुमच्याकडे उत्तर नसेल.

मग सांगायचं काय? अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या 42 शाळांत चिठ्ठ्या टाकून काही शाळांना कलाशिक्षणाची जादा जोड दिली आणि उरलेल्यांशी तुलना केली. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. कला मिळालेल्या शाळांत शिस्तभंगाच्या तक्रारी झालेल्या मुलांचं प्रमाण 3.6 टक्के अंकांनी घटलं, लेखनाचे गुण वाढले आणि दुसऱ्याबद्दलची आस्थाही वाढलेली दिसली. गणिताबद्दल तसा दावा त्या अभ्यासकांनीही केलेला नाही. ह्यूस्टन आणि आपल्या साताऱ्यातले माण-खटाव तालुके यांत अंतर आहे, त्यामुळे हे आकडे बैठकीत फेकू नका. तुम्हाला स्वतःला खात्री वाटावी एवढ्यापुरते ते ठेवा.

बैठकीत दोनच गोष्टी मांडा. पहिली नियमाची. कला हा मूल्यमापनाचा विषय आहे. पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात त्याच्या आकारिक, म्हणजे वर्षभर मुलाचं काम बघून केलेल्या, नोंदी होतात आणि प्रगतिपत्रकावर श्रेणी जाते. तास घेतलाच नाही आणि नोंदवहीत ‘अ-1’ ही वरची श्रेणी लिहिली, तर ती नोंद खोटी ठरते आणि खाली सही तुमची असते. मुख्याध्यापकांना हा मुद्दा लगेच समजेल. दुसरी गोष्ट म्हणजे मुलांचं काम. ते दाखवण्याजोगं कसं होईल, ते आता पाहू.

फळ्यावरून उतरवून घेण्यात नेमकं काय बिघडतं? कोणत्याही वर्गाला ‘मनाने चित्र काढा’ म्हणून सांगा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून वाहत येणारी नदी, कडेला कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी ‘व्ही’सारखे पक्षी. ज्या माणदेशी मुलाच्या गावात नदी वर्षातले आठ महिने कोरडी असते आणि नारळ फक्त देवळात दिसतो, तेही हेच काढतं. कारण ते डोळ्यांनी बघून काढत नाही, आधी उतरवलेल्या चित्राची खूण पुन्हा गिरवतं. लहान वयात अशा खुणांनी काम भागतं. नऊ-दहा वर्षांनंतर मुलाला चित्र ‘खऱ्यासारखं’ हवं असतं, खुणा अपुऱ्या पडू लागतात आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणून ते हात आवरतं. तुमची सहावी नेमकी या वळणावर आहे. बघून काढायला आता शिकवलं नाही तर बहुतेक जण कायमचे थांबतात. तुम्हीही याच वयात थांबला असाल.

बघायला शिकवण्यासाठी शिक्षकाला उत्तम चित्र यावं लागत नाही. नेमके प्रश्न विचारता यावे लागतात, आणि ते तुम्ही रोज करता.

सगळ्यात आधी दोन तासिका जोडून घ्या. 35 मिनिटांत 10 मिनिटं वाटपात आणि 10 आवरण्यात जातात, काम सुरू होईतो घंटा होते. आठवड्यातून एकदा 70 मिनिटांचा जोडतास पुरे. तो मधल्या सुट्टीनंतर ठेवा, म्हणजे सुट्टी संपायच्या आत चार मुलं कागद मांडून ठेवू शकतात.

पहिल्या जोडतासाला चप्पल घ्या. प्रत्येकाकडे असते, प्रत्येकाची वेगळी झिजलेली असते आणि चपलेचं तयार चित्र कोणाच्या डोक्यात नसतं. चार मुलांत एक चप्पल, बाकाच्या कडेवर, तिरकी. पहिली 5 मिनिटं बसण्यात जातील. पुढची 10 मिनिटं पेन्सिल खाली ठेवून फक्त बघायचं. टाच कुठल्या बाजूने जास्त झिजली आहे? का बरं? अंगठ्याचा पट्टा तळव्यातून कुठे वर येतो, मधोमध की एका बाजूला? शिवण किती ठिकाणी सुटली आहे? मुलं भांडत उत्तरं देतील, देऊ द्या.

मग 10 मिनिटं पाठकोऱ्या कागदावर, कागदाकडे न बघता रेघ काढायची. नजर चपलेच्या कडेवरून मुंगी चालावी इतक्या हळू सरकवायची आणि त्याच गतीने पेन्सिल. चित्र वेडंवाकडं येणार, वर्ग हसणार. हसू द्या, त्याने ‘चुकेल’ ही भीती जाते, शिवाय नजर आणि हात यांची सांगड बसू लागते. त्यानंतर 30 मिनिटं खरं चित्र: चांगला कागद, कडेपासून दोन बोटं जागा सोडून बाकी कागद भरेल एवढी मोठी चप्पल. मग 10 मिनिटं चित्रं दोरीवर चिमट्यांनी टांगून त्यांबद्दल बोलायचं आणि शेवटची 5 आवरायला.

बोलण्याला एक नियम ठेवा. ‘छान’ आणि ‘घाण’ हे दोन्ही शब्द बंद. वाक्य ‘मला इथे … दिसतंय’ असंच सुरू व्हायला हवं. ‘मला इथे टाच झिजलेली दिसतेय, पण पट्टा नवा वाटतोय.’ हे वाक्य आधी तुम्ही एक-दोनदा म्हणून दाखवा. पहिल्या दोन तासांना मुलं अडखळतात, तिसऱ्यापासून सुटतात.

अडचणी ठरलेल्या आहेत. मुलं कागदाच्या कोपऱ्यात पिटुकलं चित्र काढतात, कारण पेन्सिल अणकुचीदार असते आणि ती अक्षर लिहिताना धरतात तशी टोकाशी धरलेली असते. अशांना मेणखडू किंवा कोळशाचा तुकडा द्या, आकार आपोआप वाढतो. खोडरबर पहिले तीन महिने बंद ठेवा. नाहीतर अर्धा तास पहिली रेघ खोडण्यात जातो आणि कागद फाटतो. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी काढायची, दोन्ही दिसल्या तरी हरकत नाही. ‘बाई, बिघडलं, दुसरा कागद द्या’ याला उत्तर एकच: उलट बाजू वापर. आणि सगळ्यात मोठी चूक मोठ्यांची असते. मुलाच्या कागदावर आपण रेघ मारून ‘असं काढ’ दाखवतो. मूल ती रेघ आपली मानत नाही, पुढचं सगळं तुमच्याकडून होण्याची वाट बघतं. दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवा आणि चिठोरा खिशात घाला.

चपलेनंतर हँडपंप, दारामागची छत्री, सायकलचं पॅडल, पोषण आहाराची पातेली, कोबीचा अर्धा कापलेला गड्डा. पहिला महिना-दीड महिना नुसती रेघ, पुढे उजेड-सावली आणि रंग, मग माणसं आणि रचना. या क्रमाची घाई करू नका. रंग लवकर हातात आले की मुलं रेघ विसरून भरत बसतात.

पेल्याचा धडा मात्र चुकवू नका. मुलांना स्टीलचा पेला काढायला सांगितला की वरचं तोंड लंबगोल येतं आणि बूड सरळ रेघ. पेला सपाट टेबलावर बसतो हे त्यांना ठाऊक असतं, ते डोळ्यापेक्षा माहितीवर विश्वास ठेवतात. पारदर्शक पेल्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी घ्या. पाण्याची पातळी मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत धरा, ती रेघ दिसेल. पेला हळूहळू खाली न्या, रेघेचा लंबगोल होईल आणि खाली जाईल तसा फुगत जाईल. म्हणजे टेबलावरच्या पेल्याचं बूड तोंडापेक्षा डोळ्यांपासून अधिक खाली असल्याने त्याचा लंबगोल तोंडाच्या मानाने जास्त गोल यायला हवा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मूल विसरत नाही. पुढे हायस्कूलला शासकीय रेखाकला परीक्षा देताना वस्तुचित्रात बरेच जण इथेच गुण घालवतात. आणखी एक: गोल भांड्याची छाया कडेला सगळ्यात गडद दाखवायची सवय असते. खरं तर गडद पट्टा कडेच्या थोडा आत असतो, कडेवर टेबलाचा उजेड परतून पडलेला असतो.

त्या परीक्षेबद्दल पालक विचारतीलच. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. चांगली गोष्ट आहे, पण सहावीचा तास तिच्या तयारीला लावू नका. सरावाची साचेबंद चित्रं पाठ करून ‘ए’ मिळवलेली आणि नंतर पेन्सिल न धरलेली मुलं हायस्कुलात ढिगाने सापडतात.

साहित्याचा हिशेब. पूर्ण ड्रॉइंग शीट 22 बाय 30 इंचांचं असतं, त्याचे 11 बाय 15 चे चार तुकडे होतात. 38 मुलांना एका वेळी 10 शीट लागतात आणि दोन तुकडे उरतात. चांगला कागद महिन्यातून दोनदाच द्या, म्हणजे महिन्याला 20 शीट. बाकीचे तास पाठकोऱ्या कागदांवर. ते तहसील किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात, झेरॉक्सच्या दुकानात रद्दीत मिळतात. पेन्सिली 2बी आणि 4बी, प्रत्येकी 20. एचबी चित्राला कडक पडते. ब्रश 6 नंबरचे गोल, दोघांत एक म्हणजे 19. खर्च शाळा अनुदानातून किंवा सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, बसू शकतो.

रंगाच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. गेरू, पिवळी माती, काजळी किंवा कोळशाची वस्त्रगाळ पूड, पांढऱ्यासाठी खडूची पूड, निळ्यासाठी कपड्यांची नीळ, एवढ्यात काम होतं. आणि हे गरिबाचं भागवणं अजिबात नाही. 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी अशाच साध्या मातकट रंगांत फलक रंगवले आणि ते आज भारतीय कलेच्या इतिहासात मानाने बसले आहेत. 100 ग्रॅम बाभळीचा डिंक 200 मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. चार चमचे पुडीला दीड चमचा डिंकपाणी, मग साध्या पाण्याने पातळ करा. कागदावर पट्टा ओढून वाळू द्या आणि बोट घासून बघा. रंग बोटाला लागला तर डिंक कमी पडलाय. वाळल्यावर चकाकतोय आणि घडी घातल्यावर तडकतोय तर जास्त झालाय. उन्हाळ्यात डिंकपाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, तेव्हा तासापुरतंच करा, फार तर लवंग तेलाचे दोन-तीन थेंब घाला. करवंट्यांत रंग, कडुनिंबाची चावून मऊ केलेली काडी जाड रेघेला.

कळीचा चुना मुलांच्या हातात देऊ नका. डोळ्यात उडाला तर इजा होते. होळीचे सुटे रंगही नकोत, त्यांत काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. हळद वापरा पण ती उन्हात फिकटते हे सांगा, आणि हळदीच्या पट्ट्यावर साबणाचं पाणी लावून दाखवा, लाल होते. त्या दिवशी विज्ञानाच्या बाईंचंही काम होऊन जातं.

वारलीबद्दल थोडं, कारण शाळांच्या भिंतींवर ती सर्रास दिसते. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस झाला, एवढंच शिकवलं जातं आणि मग सगळे ताठ उभे राहतात. पालघरकडच्या मूळ चित्रांत गंमत त्या सांध्यात आहे. वरचा त्रिकोण खालच्यावर कलला की माणूस वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. मुलांकडून आधी एकच माणूस पाच कामं करताना काढून घ्या: विहिरीचं पाणी ओढताना, भाकरी थापताना, झाडावर चढताना. तांदळाच्या पिठाने, गेरूच्या जमिनीवर. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा वारली नाच नंतर. तुमच्या गावात तारपा नाही, गजी नृत्य असेल, तर तेच काढा.

नोंदवही. ‘चित्र सुंदर काढते’, ‘रंगकाम आवडते’ या नोंदी कुठल्याही मुलाला चालतात म्हणून त्या निरुपयोगी. दर जोडतासाला आठच मुलांकडे लक्ष ठेवा, पाच तासांत वर्ग पूर्ण होतो. चार गोष्टी बघा: स्वतः काय शोधून पाहिलं, दुसऱ्या प्रयत्नात काय बदललं, साहित्य कसं वापरलं, चित्राबद्दल काय बोललं. नोंद अशी व्हावी: ‘छत्रीची मोडलेली काडी स्वतःहून दाखवली. मूठ आधी लहान आली होती, मोजून मोठी केली.’ प्रत्येक मुलाची तीन चित्रं, तारीख घालून, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबरमधली, जुन्या वर्तमानपत्राच्या पाकिटात ठेवा. समितीसमोर तीच मांडा, एका मुलाची तिन्ही शेजारी-शेजारी. सगळ्यात चांगल्या मुलाची नकोत, वर्गातल्या मधल्या मुलाची. स्पर्धा आणि बक्षिसं टाळा. बक्षीस तीन जणांना मिळतं आणि पस्तीस जणांना ‘आपल्याला येत नाही’ असा निकाल मिळतो.

नाट्यीकरणाचा उल्लेख वर आला. ते चित्रकलेच्या तासात घुसवू नका, मराठीच्या तासात घ्या. पाठातल्या प्रसंगाचे संवाद मुलांनीच लिहायचे, पाठांतर नाही, वेशभूषा नाही. पाच-पाच जणांचे गट, 15 मिनिटं तयारी, 3 मिनिटं सादरीकरण. स्नेहसंमेलनाचं नाटक हा वेगळा प्रकार, त्यात चार मुलं बोलतात आणि बाकीची झाडं होतात. गाण्याचंही थोडक्यात: पुरुष शिक्षक स्वतःच्या पट्टीत गाणं सुरू करतात आणि मुलं खाली घोगरी होतात. आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर मुलांकडून म्हणवून घ्या, दोन्ही न ताणता आले तर ती पट्टी बरोबर.

कलाशिक्षक मागता येईल का, तर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तिथेच कलेसाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकाची, तरतूद आहे. तुमचा 71 आहे, म्हणजे तो रस्ता बंद. गावातल्या माणसांना बोलवा: कुंभार, भजनी मंडळातले पखवाजवाले, गोधडी शिवणाऱ्या आजी. भाषण नको, तासभर काम करत बसायचं आणि मुलांनी आधी ठरवलेले दहा प्रश्न विचारायचे. गोधडीवाल्या आजींना तुकड्यांचा रंग कसा ठरवता हे जरूर विचारायला लावा, रचनेचा त्याहून चांगला धडा कलाशिक्षकालाही जमणार नाही. त्यांना फुकट बोलावू नका, दिवसाची मजुरी बुडते. मानधनाचा ठराव मात्र समितीच्या इतिवृत्तात आधी घ्या आणि पावतीवर सही किंवा अंगठा घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात ती रक्कम तुमच्याकडून वसूल होते.